सांडपाणी प्रकल्पाचा अर्ज: जागेच्या उताऱ्यापासून संमतिपत्रापर्यंत

नगरपरिषदेत सांडपाणी प्रकल्पाची फाइल बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने उघडते. यंत्रणा पुरवणारे सादरीकरण करतात, कोणते तंत्रज्ञान घ्यायचे यावर सभा तापते, आणि जागेचा सातबारा कोणाच्या नावावर आहे हे दीड वर्षाने कळते. अशी एक फाइल मी जवळून पाहिली आहे. जागा बक्षीस मिळालेली, ठरावही एकमताने झालेला, फेरफार मात्र कोणी केलाच नव्हता. जागा देणारे वारले, पुढे वारस सात निघाले. म्हणून ही माहिती जागेपासून सुरू करतो.

महाराष्ट्रात शहराच्या सांडपाण्यासाठी अर्जदार म्हणजे महानगरपालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायत. अर्जावर सही आयुक्तांची किंवा मुख्याधिकाऱ्यांची, किंवा त्यांनी लेखी अधिकार दिलेल्या अभियंत्याची. सल्लागार संस्था कागद तयार करून देते, पण ती अर्जदार नसते.

किती वर्षांचा विचार करायचा

केंद्र सरकारच्या सांडपाणी नियमपुस्तिकेप्रमाणे जमीन आणि भूमिगत गटारे ३० वर्षांच्या लोकसंख्येसाठी धरायची, शुद्धीकरण केंद्र आणि पंप १५ वर्षांसाठी. म्हणजे आज १५ वर्षांपुरते केंद्र बांधले तरी शेजारी दुसरे केंद्र बसेल एवढी जागा आत्ताच हवी. अहवालात ही जागा दाखवलेली नसेल, तर बाकीचे आकडे कितीही नेटके असोत, मी तो अहवाल परत पाठवीन.

हिशेब फारसा अवघड नाही. माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातले ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येते असे धरतात. ५०,००० वस्तीला रोज ५४ लाख लिटर, म्हणजे ५.४ एमएलडी (दशलक्ष लिटर प्रतिदिन). गटारात झिरपणारे भूजल वेगळे मोजायचे. पण नळाला माणशी १३५ लिटर पाणी येतच नसेल, तर गटारात पुरेसा प्रवाह राहत नाही आणि गाळ बसतो. अशा गावाने आधी भूमिगत गटारांचा हट्ट धरू नये. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी सेप्टिक टँक ठरावीक वर्षांनी उपसायचे वेळापत्रक लावले आणि त्या मैल्यावर प्रक्रिया केली. छोट्या गावाने हा पर्याय आधी तपासावा.

गाव हद्दीपाशी संपते, नाला संपत नाही. वरच्या ग्रामपंचायतीचे पाणी तुमच्या नाल्यात येणार असेल तर ते अहवालात धरा, नाहीतर केंद्र पहिल्या वर्षीच अपुरे पडेल.

जागा

केंद्र उताराच्या तळाशी लागते, म्हणजे बहुधा नदीकाठी. तिथे जलसंपदा विभागाच्या पूररेषा आडव्या येतात. निळ्या रेषेच्या (वारंवार येणाऱ्या पुराची हद्द) आत बांधकाम नाही, निळी आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) यांच्यामध्ये अटींवर. पूररेषेचा नकाशा जागा ठरवण्याआधी मागवा. किनाऱ्यावर सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी आणि वनजमीन असेल तर वन विभागाची, या दोन्ही वेगळ्या.

विकास योजनेत आरक्षण आहे म्हणून निर्धास्त राहू नका. योजना लागू होऊन १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. अशी नोटीस आवक टपालात पडून राहिली आणि पुढच्या टेबलावर गेलीच नाही, तर केंद्राची जागाच हातची जाते.

मान्यतेची वाट

सर्वसाधारण सभेचा ठराव, सविस्तर प्रकल्प अहवाल, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची तांत्रिक मान्यता, मग नगरविकास विभागाची प्रशासकीय मान्यता. निविदा त्यानंतर.

पैसे केंद्र सरकारच्या योजनेतून मागायचे असतील तर लोकसंख्येवर वाटा ठरतो. अमृत २.० (शहरांच्या पाणी व सांडपाण्याचे केंद्रीय अभियान) मध्ये १ लाखाखालच्या शहराला केंद्राचा वाटा ५० टक्के, १ ते १० लाखांपर्यंत एक तृतीयांश, त्यावर २५ टक्के. रक्कम २०:४०:४० अशा तीन हप्त्यांत. १ लाखाखालच्या शहरांच्या सांडपाण्यासाठी स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मध्ये स्वतंत्र घटक आहे. दोन्ही अभियाने १ ऑक्टोबर २०२१ रोजी जाहीर झाली आणि मूळ मुदत २०२५-२६ पर्यंतची होती, म्हणून ताजा शासन निर्णय हाती घेऊनच प्रस्ताव लिहा. देखभालीचा आणि विजेचा खर्च नगरपरिषदेच्या माथी राहतो. तो अंदाजपत्रकात कुठून येणार हे ठरावातच लिहिलेले बरे.

मंडळाची संमती

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ च्या कलम २५ प्रमाणे नवे सांडपाणी बाहेर सोडायचे तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, आणि ती दोनदा: बांधकामाआधी स्थापनेची, चाचणीनंतर चालवण्याची. अर्ज ऑनलाइन, शुल्क भांडवली गुंतवणुकीच्या प्रमाणात.

पहिल्या अर्जाला ठराव, अधिकारपत्र, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, केंद्राचा आराखडा, प्रक्रियेचा तक्ता, रोजच्या पाण्याचा ताळेबंद, गुंतवणुकीचा दाखला आणि पाणी नेमके कुठे सोडणार त्या ठिकाणाचा नकाशा जोडा. दुसऱ्याला पहिल्या संमतीतल्या अटींचा पूर्तता अहवाल आणि प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल. गाळ कुठे जाणार हा रकाना बरेच जण कोरा ठेवतात आणि त्रुटीचे पत्र हमखास येते.

परिपूर्ण अर्जावर ४ महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती मिळाल्याचे कायदा मानतो. पण त्यातला ‘परिपूर्ण’ हा शब्द विसरू नका, त्रुटी काढली की हा आधार डळमळतो. नकार आला तर कलम २८ खाली ३० दिवसांत अपील करता येते.

गुणवत्तेचे आकडे कुठले धरायचे? ऑक्टोबर २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, जितका कमी तितके पाणी स्वच्छ) महानगरांना २० आणि इतरत्र ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर होता. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१९ मध्ये तो १० वर आणायला सांगितले. १५ वर्षे चालणाऱ्या केंद्राचा आराखडा १० वरच करावा असे माझे मत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रातले होते, मिठी, मुळा आणि मुठा तर पहिल्याच, म्हणजे सर्वांत प्रदूषित वर्गात. तुमचा नाला अशा पट्ट्याला मिळत असेल तर जिल्ह्याच्या कृती आराखड्यात तुमच्या गावाचे नाव आधीच असू शकते. ते पान प्रस्तावाला जोडा.

पाणी नदीत सोडण्याऐवजी कोणी घेणार असेल तर फारच उत्तम. २०१६ च्या वीजदर धोरणानुसार ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीज केंद्राने शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे बंधनकारक आहे, आणि नागपूरचे भांडेवाडीचे पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. घेणाऱ्याचे लेखी पत्र मात्र अहवालासोबतच हवे, तोंडी होकार कोणी धरत नाही.

ज्यांच्या शेताशेजारून हे पाणी जाणार त्यांच्यासाठी एक गोष्ट. दिलेल्या संमत्यांची नोंदवही मंडळाला ठेवावी लागते, आणि त्या पाण्याशी संबंध येणाऱ्या कोणालाही कलम २५ प्रमाणे ती कार्यालयीन वेळेत पाहता येते. जाताना केंद्राचे नाव आणि गट क्रमांक लिहून न्या, शोधायला सोपे जाते.