गोवामुक्ती आणि शीतयुद्ध

दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया-आफ्रिकेतील वसाहती एकामागून एक स्वतंत्र होत असताना पोर्तुगाल गोवा, दमण आणि दीव सोडायला १९६१ पर्यंत तयार नव्हता. सत्याग्रह आणि तुरुंगवासाचा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. मात्र पोर्तुगालची सत्ता इतकी वर्षे टिकण्यात आणि अखेर संपण्यातही अमेरिका-सोव्हिएत स्पर्धेचा मोठा वाटा होता, याची चर्चा फार कमी होते.

हुकूमशहा आंतोनियु सालाझार यांच्या पोर्तुगालचे सैन्यबळ बेताचे होते, पण त्याच्या ताब्यातील जागा मोक्याच्या होत्या. अटलांटिकमधील आझोर्स बेटांवरचा लाजेस हवाई तळ अमेरिकेला हवा होता. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीचाही पोर्तुगाल पहिल्यापासून सदस्य होता. त्यामुळे लिस्बनला दुखवणे वॉशिंग्टनला जड जात असे. १९५१ मध्ये सालाझार यांनी राज्यघटना बदलून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवले. वसाहतच नाही, तर सोडायचे काय, असा हा पवित्रा होता.

मे १९५५ मध्ये ना. ग. गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींसह गोव्याच्या हद्दीत शिरले. १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक जण मारले गेले. त्याच हिवाळ्यात भारत दौऱ्यावर आलेल्या बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह या सोव्हिएत नेत्यांनी गोव्याबाबत भारताची बाजू उघडपणे घेतली. त्याला उत्तर म्हणून २ डिसेंबरला अमेरिकी परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलु कुन्या यांनी संयुक्त निवेदन काढले. त्यात ‘पोर्तुगीज प्रांत’ हेच शब्द होते, म्हणजे सालाझार यांचा दावा अमेरिकेच्या सहीने छापला गेला. भारतात संतापाची लाट उसळली. चार महिन्यांपूर्वी सांडलेल्या रक्तापेक्षा रशियन नेत्यांची भाषणे डलेस यांना अधिक महत्त्वाची वाटली, ही त्यांची घोडचूकच म्हणावी लागेल.

पुढे वारे फिरले. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा ठराव ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि पोर्तुगाल तटस्थ राहिले. १९६१ मध्ये अंगोलात उठाव झाला, तेव्हा केनेडी सरकारने सुरक्षा परिषदेत पोर्तुगालविरोधी मत दिले.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी युद्धबंदी व सैन्यमाघारीचा ठराव मांडला. अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर कठोर टीका केली. ठरावाच्या बाजूने सात मते पडली. सोव्हिएत संघ, सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (आजचा इजिप्त) यांनी विरोध केला, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव बारगळला. तो संमत झाला असता, तर लष्करी विजय मिळूनही भारत राजनैतिक पेचात सापडला असता.

‘विजय मिळवा किंवा मरा’ अशा अर्थाचा सालाझार यांचा आदेश गव्हर्नर वासालु इ सिल्वा यांनी मानला नाही. १९ डिसेंबरला त्यांनी शरणागती पत्करली आणि गोव्याचा विध्वंस टळला. सालाझार राजवटीने त्यांना लष्करातून काढून टाकले. पोर्तुगालमधील ही राजवट उलथवणाऱ्या १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांना त्यांचा हुद्दा परत मिळाला. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले, तेही त्याच वर्षाअखेरीच्या कराराने.