मोडशी आणि ‘कुत्र्याचं मरण’: एका जुन्या इंग्रजी रोगनावाची पार्श्वभूमी

अठराव्या शतकातल्या इंग्रजी लिखाणात हिंदुस्थानातल्या एका आजाराचं नाव ‘मोर्ट-डी-शीन’ असं येतं. फ्रेंच म्हणून वाचलं तर अर्थ निघतो, कुत्र्याचं मरण. कुत्र्याचा इथे काही संबंध नाही. शब्द आपला आहे: मोडशी. गोव्यातल्या पोर्तुगिजांनी तो ‘मोर्देशीं’ असा उचलला, फ्रेंचांनी आपल्या कानाला जुळेल असा वळवला आणि तिथून तो इंग्रजीत गेला. 1886 सालच्या एका इंग्रजी कोशाने त्याचं मूळ मराठी-कोकणीत, ‘मोडणे’ या क्रियापदात दाखवलं. अंग मोडून माणूस खचतो, ती मोडशी.

वाद आहे तो पुढे. 1817 साली बंगालमध्ये जेसोरला कॉलऱ्याची साथ उसळली, वर्षभरात मुंबईपर्यंत आली आणि 1831 च्या शरदात इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. तेव्हापासून बऱ्याच इंग्रज लेखकांनी धरून ठेवलं की साथीचा कॉलरा 1817 मध्येच जन्मला. त्याआधीची मोडशी, त्यांच्या मते, म्हणजे नुसतं अपचन. आजची मराठीही नकळत त्यांच्याच बाजूने साक्ष देते, कारण आता ‘मोडशी झाली’ म्हणजे खाल्लेलं पचलं नाही, मळमळतंय, पोट बिघडलंय, एवढंच. पण गंभीर अर्थ पटकी आणि कॉलरा या शब्दांकडे गेल्यावर मोडशीचा अर्थ आकसला. आकसलेला अर्थ मागे नेऊन जुन्या नोंदींवर लादणं चूक आहे.

त्या नोंदी नीट वाचाव्यात. 1563 साली गोव्यात छापलेल्या औषधींच्या ग्रंथात तिथला पोर्तुगीज वैद्य सांगतो की हा रोग बहुधा चोवीस तासांत मारतो. काही जण दहा तासही टिकले नाहीत, जास्तीत जास्त चार दिवस. 1543 च्या गोव्यातल्या साथीत दफनं इतकी झाली, की लोक धास्तावू नयेत म्हणून चर्चच्या घंटा वाजवायला मनाई करावी लागली. अपचनाने असं होत नाही. जंतू तोच होता का, हे नावावरून सिद्ध होत नाही, एवढी मर्यादा मान्य. ‘1817 पूर्वी असं काही नव्हतंच’ हे मात्र टिकत नाही.

खुद्द ‘कॉलरा’ हे नावही फसवं आहे. त्याचा पूर्वज ग्रीक शब्द पित्ताशी जोडलेला. इंग्लंडमध्ये ‘कॉलरा मॉर्बस’ म्हणजे उन्हाळ्यातल्या पिवळ्या-हिरव्या उलट्या-जुलाब. खऱ्या पटकीत मात्र भाताच्या पेजेसारखे, जवळजवळ रंगहीन जुलाब होतात, पित्त दिसत नाही. म्हणून मग नावाला ‘एशियाटिक’, ‘स्पास्मॉडिक’ (पेटके आणणारा) अशी शेपटं लावावी लागली.

उपायांत गोव्याचे वैद्य मिरी-जिरं घातलेली कांजी पाजत, पेटके आले की हातपाय पट्ट्यांनी आवळत आणि तळपायाला डाग देत. डागाने फक्त जखम व्हायची. कांजीत मात्र तथ्य होतं: पिष्टापासून आतड्यात ग्लुकोज होतं आणि ते सोडियमला सोबत आत ओढतं, मीठ तेवढं घालायला हवं. 1817 च्या इंग्रज छावणीत उलट प्रकार. 15 ते 20 ग्रेन, म्हणजे साधारण एक ते सव्वा ग्रॅम कॅलोमेल, वर 60 थेंब लॉडनम (अफूचा अर्क), शिवाय रक्त काढणं. कॅलोमेल हे पाऱ्याचं संयुग, त्याने रेच होतो. ज्याच्या शरीरातलं पाणी संपत आलंय त्याचं उरलंसुरलंही जातं. रक्त इतकं घट्ट झालेलं असे की शीर कापली तरी वाहत नसे, आणि तेच अपुऱ्या उपचाराचं लक्षण समजून आणखी कापलं जाई. 1832 साली स्कॉटलंडमध्ये शिरेतून मिठाचं पाणी देऊन काही रोगी उठून बसले. पण ते थोडं थांबवलं की पुन्हा खचत, म्हणून पद्धत मागे पडली. चूक मिश्रणापेक्षा प्रमाणाची होती: जुलाब सुरू असेपर्यंत पाणी देत राहायला हवं होतं.

साथीच्या देवीला शांत करण्याबद्दल इंग्रजी अहवाल ‘प्रोपिशिएशन’ हा शब्द वापरतात. आपल्याकडे मरीआईचा गाडा कडुलिंबाच्या पाल्यासह शिवेबाहेर नेऊन सोडत. मुंबईत जरीमरी हे अशाच देवीचं नाव अजून वस्तीला आहे. त्यावर अंधश्रद्धेचा शिक्का मारताना एक तारीख विसरली जाते. 21 मार्च 1832 रोजी इंग्लंडने याच साथीसाठी सरकारी हुकमाने उपवासाचा दिवस पाळला. त्याचं नाव होतं ‘फास्ट अँड ह्युमिलिएशन’, म्हणजे उपास करून देवापुढे लीन होणं.