दारू सोडायची गोळी मागायला येताय? आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. आमच्या मेडिकलात अधनंमधनं कोणतरी काकू नाहीतर वहिनी येतात, काउंटरवरची गर्दी कमी होईस्तोवर बाजूला थांबतात आणि मग हळूच विचारतात, "त्यास्नी कळू न देता आमटीत घालायची गोळी हाय काय वो?"

गोळी आहे. डायसल्फिरम म्हणतात. पण चिठ्ठीशिवाय आम्ही ती देत नाही आणि चोरून घालायला तर अजिबातच नाही, लोकांना राग येतो, येऊदे. ही गोळी पोटात असताना दारू घेतली की तोंड लालबुंद होतं, उलट्या, धडधड, बीपी खाली जातं, हार्टचा पेशंट असला तर जिवावर बेतू शकतं, आणि गोळी बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत असर राहू शकतो. ज्याला माहीतच नाही तो संध्याकाळी नेहमीसारखा बसणारच की प्यायला. (खोकल्याच्या काही सिरपमध्ये पण अल्कोहोल असतं, गोळी चालू असेल तर सिरप घेताना आम्हाला सांगा.)

दुसरं, रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम दारू बंद करू नका. हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भास व्हायला लागतात, त्यात माणूस दगावतो पण. हे बेळगावात सिव्हिलला, म्हणजे बिम्सला मानसोपचारच्या डॉक्टरांना दाखवूनच करायचं.

आता खरी गोष्ट. दवाखान्यातले दहा-पंधरा दिवस होतात पार, घरी आल्यावर काय? तोच कट्टा, तेच दोस्त, पगाराचा शनिवार, आणि आपल्या भागात तर चोर्ला घाटातनं गोव्याची स्वस्त बाटली यायला किती वेळ लागतो. इथं गोळी किती पुरणार, इथं माणसं लागतात, आणि तीही वर्षानुवर्षं.

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेला गट. त्यांच्या मीटिंगबद्दल ऐकलं असेल. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनीच हे सुरू केलं, त्यातला एक सर्जन होता. फी नाही, आडनाव कोण विचारत नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. "फक्त आजचा दिवस प्यायचं नाही" असं म्हणत म्हणत लोक वर्षं काढतात आणि न पिल्याच्या वर्षाचा वाढदिवस पण करतात. आधी आम्हाला वाटायचं नुसतं बोलून काय होणार, पण रात्री तलफ आली की फोन करायला बायकोपेक्षा, जो पूर्वी स्वतः पीत होता तो माणूस बरा, त्याला थाप मारता येत नाही! घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं, तो पीत असला तरी तुम्ही जाऊ शकता.

आपल्या कर्नाटकात धर्मस्थळच्या ग्रामाभिवृद्धी योजनेची मद्यवर्जन शिबिरं गावोगावी होतात, नंतर त्याच लोकांची नवजीवन समिती करतात. कारभार कन्नडात, पण आपल्याला कन्नड काय नवीन आहे. मराठीतच पाहिजे तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून, लांब पडतं एवढंच. आणि गावातलं भजनी मंडळ विसरू नका, माळ घातली की दारू बंद आणि संध्याकाळच्या त्या नेमक्या वेळेला हातात टाळ. मात्र माळ घातली म्हणून डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही हां.

मधेच एखाद्यावेळी प्यायला तर "सगळं वाया गेलं" म्हणून हाकलू नका. डायसल्फिरम चालू असताना प्यायला असेल तर आधी दवाखाना गाठा, गोळी चालू नसेल तर दुसऱ्या दिवशी मीटिंगला न्या. जत्रेत, हळदीला, मिरवणुकीत "एकच घे" म्हणणारा पाहुणा असतोच, त्याला पेशंटनं नाही, भावानं नाहीतर मेव्हण्यानं गप्प करायचं.

फोन: १४४१६ टेलिमानस, म्हणजे मानसिक त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन, २४ तास फुकट, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६. मीटिंगची जागा-वार बदलतात, जायच्या आधी विचारून घ्या.

आमच्याकडून एवढंच होतं, ज्याच्या चिठ्ठीवर गोळी आहे त्याला पाहिजे तर महिन्याची एकदम न देता आठवड्याची देतो, म्हणजे आठ दिवसांनी तोंड दिसतं. पुडीवर नाव लिहीत नाही, नुसता नंबर. जुनी चिठ्ठी सोबत आणा, आणि सकाळी १० च्या आत आलात तर गर्दी नसते, निवांत बोलता येतं.