ड्रिप पेंटिंग

पातळ रंग कुंचल्याने न लावता वरून सोडून, ओतून वा शिंपडून चित्र रचण्याची पद्धती. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये पुढे आलेल्या अमूर्त अभिव्यक्तिवादाशी (वस्तूंचे चित्रण टाळून रंग व हालचालींतून भाव व्यक्त करणारा चित्रसंप्रदाय), विशेषतः चित्रकार जॅक्सन पोलॉक (१९१२–५६) यांच्या १९४७ ते १९५० या काळातील चित्रांशी ती निगडित आहे. कलासमीक्षक हॅरल्ड रोझेनबर्ग यांनी १९५२ च्या अखेरीस एका लेखातून रूढ केलेली ‘ॲक्शन पेंटिंग’ ही संज्ञा पुष्कळदा याच अर्थी वापरली जाते, पण ते योग्य नव्हे. त्या लेखात पोलॉक यांचे नावच नाही. शिवाय त्या संज्ञेखाली हटकून गणले जाणारे चित्रकार विलेम द कूनिंग मुख्यतः कुंचल्यानेच काम करीत.

या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. मेक्सिकन भित्तिचित्रकार सिकेरॉस यांनी १९३६ मध्ये न्यूयॉर्कला प्रयोगशाळावजा कार्यशाळा चालवली. तेथे मोटारींना देण्याचे सेल्युलोज रंग फळ्यांवर ओतून, उडवून पाहिले जात आणि तरुण पोलॉक त्यांत सहभागी होते. अतिवास्तववादी चित्रकार माक्स अर्न्स्ट यांनी १९४२ च्या सुमारास भोक पाडलेला रंगाचा डबा दोरीने टांगून कॅनव्हासवर झुलवला. चित्रकार हान्स हॉफमन यांचे ‘स्प्रिंग’ हे चित्र आद्य उदाहरण म्हणून दाखवले जाई. त्याच्या मागील बाजूस १९४० असे लिहिलेले आहे, परंतु ते १९४४–४५ चे असावे असे आता मानतात. अमेरिकेतील मूळ रहिवाशांपैकी नावाहो जमातीच्या वाळूचित्रकारांशी आपल्या पद्धतीचे साम्य असल्याचे स्वतः पोलॉक यांनी १९४७ मध्ये लिहिले. मात्र ते साम्य जमिनीवर चहूबाजूंनी काम करण्यापुरते आहे. वाळूचित्रांतील आकृत्या परंपरेने ठरलेल्या असतात.

अलीकडे जेनेट सोबेल (१८९३–१९६८) यांचे नाव पुढे आले आहे. युक्रेनमधून येऊन ब्रुकलिनमध्ये स्थायिक झालेल्या या गृहिणीने चाळिशी उलटल्यावर चित्रे काढायला सुरुवात केली. त्यांच्या ‘मिल्की वे’ (१९४५) या चित्रात रंगाचे ओघळ कडेपासून कडेपर्यंत पसरलेले आहेत. कलासंग्राहक पेगी गुगेनहाइम यांच्या न्यूयॉर्कमधील दालनात आपण आणि पोलॉक यांनी सोबेल यांची चित्रे १९४४ मध्ये पाहिली आणि त्यांचा ठसा पोलॉक यांनी मान्य केला, असे समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्ग यांनी पुढे लिहिले. पण त्या दालनातील सोबेल यांची प्रदर्शने १९४५ (सामूहिक) आणि १९४६ (एकल) मधली. तेव्हा ग्रीनबर्ग यांचे साल आठवणीतून दिलेले असावे. पोलॉक यांची रंग ओतलेली काही चित्रे १९४३ ची, म्हणजे त्याआधीची आहेत. त्यामुळे रंग ओतण्याचे तंत्र सिकेरॉस यांच्याकडून आणि सर्व पृष्ठभागावर सारखी पसरणारी रचना काही अंशी सोबेल यांच्याकडून, असा निष्कर्ष अधिक सयुक्तिक वाटतो.

तंत्रदृष्ट्या पोलॉक यांच्या चित्रांत थेंब कमी आणि अखंड धार जास्त आहे. लाँग आयलंडवरील स्प्रिंग्ज येथील कोठारात, चौकटीवर न ताणलेला कॅनव्हास जमिनीवर अंथरून ते त्याभोवती फिरत. घरांना देण्याचा चकचकीत एनॅमल रंग काठीने किंवा वाळून कडक झालेल्या कुंचल्याने उचलला जाई. कुंचला कॅनव्हासला टेकत नसे. धारेची जाडी रंगाचा दाटपणा, हाताची उंची आणि वेग यांवर ठरते. हात संथ असेल तर पोळीवर सोडलेल्या मधाप्रमाणे धारेची वेटोळी पडतात. अशी वेटोळी पोलॉक यांच्या चित्रांत आढळतात असे २०११ च्या एका भौतिकशास्त्रीय लेखात म्हटले होते. चित्रफितीतील हालचाली मोजून २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासाने मात्र, ती पडू नयेत इतकाच वेग आणि तितकीच उंची ते राखत, असे दाखवले. पहिल्या लेखातील उदाहरणे अपवादात्मक मानावीत. फ्रॅक्टल गणिताने (लहानमोठ्या मापांवर सारख्याच दिसणाऱ्या आकृत्यांच्या गणिताने) अस्सल पोलॉक ओळखता येतो, हा १९९९ नंतरचा दावा २००६ मधील आक्षेपांनंतर जपूनच घ्यावा लागतो. ‘फुल फॅदम फाइव्ह’ (१९४७) मध्ये रंगाच्या थरांत खिळे, बटणे, नाणी, किल्ली आणि सिगारेटी अडकलेल्या आहेत. त्यांचे गणित कोणी मांडत नाही.

ही चित्रे प्रथम जानेवारी १९४८ मध्ये बेटी पार्सन्स यांच्या दालनात लागली. छायाचित्रकार हान्स नामुथ यांनी १९५० मध्ये पोलॉक यांना काम करताना चित्रित केले. त्या लघुपटाला मॉर्टन फेल्डमन यांचे संगीत आहे. पोलॉक यांची चित्रे आणि बीबॉप (१९४० च्या दशकातील वेगवान जॅझ शैली) यांची सांगड नेहमी घातली जाते. प्रत्यक्षात त्यांच्या आवडीच्या ध्वनिमुद्रिका मुख्यतः लुई आर्मस्ट्राँग यांच्यासारख्या आधीच्या जॅझ वादकांच्या होत्या. जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या ‘फ्री जॅझ’ (१९६१) या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर पोलॉक यांचे चित्र छापले गेले, ते त्यांच्या मृत्यूनंतर.

पोलॉक यांनी १९५१ पासून अस्तर न दिलेल्या कापडावर प्रामुख्याने काळा रंग सोडला. तो धाग्यांत जिरे. चित्रकर्ती हेलन फ्रँकेंथेलर यांनी १९५२ मध्ये तैलरंग फार पातळ करून तसाच मुरवला. त्यांचे ते चित्र १९५३ मध्ये पाहून मॉरिस लुईस आणि केनेथ नोलंड हे चित्रकार त्याच वाटेने गेले.