पिंजऱ्यातला ससा ‘पाळीव प्राण्यांत’ मोडत नाही?

ठाण्यात येऊरला सुट्टीसाठी बंगला भाड्यानं घेताना कित्येकजण म्हणतात, “पाळीव प्राणी नकोत म्हणजे कुत्रा नको, पिंजऱ्यातला ससा चालतो. शिवाय पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं सांगणारं २०१५चं पत्रक आहेच!” दोन्ही चूक. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं ते पत्रक सोसायटीत राहणाऱ्यांसाठी आहे. भाड्याच्या बंगल्यात मालकाचीच अट चालते, आणि ससा हाही पाळीव प्राणीच. मुळात ॲलर्जी नुसत्या केसांची नसते. लाळ, मूत्र, कातडीचा कोंडा यांतली प्रथिनं गादी-पडद्यांना चिकटून राहतात, नुसतं झाडून जात नाहीत. तुमच्यानंतर तिथं राहायला येणाऱ्या दमेकरी लेकराला त्यानं धाप लागू शकते. लपवून नेऊ नका, आधी विचारा. नकार आला तर सशाला शेजाऱ्यांकडे ठेवा. बंद गाडीत मात्र कधीच नाही. सशाला उकाडा फार लवकर बाधतो.