तक्रारखोर आणि भांडखोर स्वभावाचे इंग्रजी शब्द : चिनी भाषकांसाठी

सतत कुरकुरणाऱ्या आणि ऊठसूट वाद घालणाऱ्या माणसांसाठी इंग्रजीत क्वेरुलस, पेट्युलंट, टेस्टी (testy), कॅन्टँकरस, कन्टेन्शस, पग्नेशस, लिटिजस अशी बरीच विशेषणे आहेत. चिनी भाषक विद्यार्थ्यांची त्यांच्याशी गाठ बहुधा जीआरईच्या, म्हणजे परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या इंग्रजी माध्यमातल्या परीक्षेच्या, तयारीत पडते. या परीक्षेतले विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे प्रश्न ऑगस्ट २०११ मध्ये बंद झाले. तरी शब्दासमोर एक-दोन चिनी प्रतिशब्द ठेवून पाठांतर करण्याची रीत टिकून आहे. गोंधळ सुरू होतो तो तिथेच.

सर्वांत फसवा शब्द क्वेरुलस. धातूंवरून शब्द लक्षात ठेवणाऱ्याला तो ‘क्वेरी’चा भाऊ वाटतो, पण क्वेरी ‘विचारणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आला आणि क्वेरुलस ‘तक्रार करणे’ या अर्थाच्या दुसऱ्याच. ‘क्वारल’, म्हणजे भांडण, हा मात्र त्याचा खरा नातलग. तरीही क्वेरुलस माणूस भांडखोर नसतो, तो किरकिऱ्या असतो. हा शब्द पुष्कळदा आवाजालाच लावतात. अंथरुणावरून रडक्या, कापऱ्या सुरात ‘चहा गारच आणलास’ म्हणणाऱ्या आजाऱ्याचा आवाज क्वेरुलस. चिनीत ‘तक्रारप्रिय आवाज’ असे शब्दशः भाषांतर केले की वाक्य अवघडते. ‘बाओयुआनच्या’, म्हणजे तक्रारीच्या, सुरात म्हणाला, असे केले की ते सरळ होते.

वादप्रिय स्वभावासाठी चिनीत ‘हाओ’ हे अक्षर कामी येते. चिनीत स्वर, म्हणजे उच्चाराचा चढउतार, बदलला की अर्थ बदलतो : तिसऱ्या स्वरात त्याचा अर्थ ‘चांगले’, चौथ्या स्वरात ‘आवड असणे’. त्यावरून हाओदोउ म्हणजे झुंजखोर, हाओबिएन म्हणजे वादप्रिय; मराठीत ‘-खोर’ हा प्रत्यय शेवटी बसतो, तसा हा सुरुवातीला. हाओबिएन फार जुना शब्द आहे. ‘बाहेरचे लोक तुम्हांला हाओबिएन म्हणतात’, असे शिष्याने सांगितल्यावर प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसने उत्तर दिले, की मला वादाची हौस कुठली, माझा नाइलाज आहे. मात्र सगळेच इंग्रजी शब्द ‘हाओ’च्या एका दावणीला बांधणे चुकीचे आहे. पग्नेशसमध्ये लॅटिन ‘मूठ’ आहे, अंगावर धावून जाण्याची तयारी आहे. लिटिजसमध्ये ‘दावा’ आहे. तो माणूस कोर्टाची पायरी चढतो. कॅन्टँकरस म्हणजे खडूस, कशानेही समाधान न होणारा. पेट्युलंटमध्ये लहान मुलासारखे रुसणे-आपटणे येते, तर टेस्टी हा नुसता लवकर चिडणारा.

कन्टेन्शस माणूस वाद उकरून काढतो, पण कन्टेन्शस मुद्दा म्हणजे ज्यावर वाद आहे तो. चिनीत या दोहोंना वेगळे शब्द लागतात. परीक्षेच्या उताऱ्यात बहुधा दुसरा अर्थ असतो आणि विद्यार्थी पहिला पाठ करून आलेला असतो. या एका शब्दापुढे तरी दोन्ही अर्थ उदाहरणासह लिहून ठेवावेत.

उलट दिशेनेही अडचण आहे. वादासाठी वाद घालण्याला चिनीत ‘ताइगांग’ म्हणतात. शब्दशः अर्थ दांडा उचलणे. त्यातला ‘गांग’ घेऊन ‘गांगजिंग’ शब्द झाला : दांड्याचे भूतच, समोरचा काहीही बोलो, त्याला आडवे जाणारे. २०१८ मध्ये तो चीनच्या गाजलेल्या शब्दांच्या वार्षिक यादीत होता. इंग्रजी ‘आर्ग्युमेन्टेटिव्ह’ त्याच्यापुढे फिका पडतो. मराठी वाचकाला मात्र तो चटकन कळेल, कारण आपल्याकडे ‘वितंडवादी’ आहे. न्यायदर्शनात वितंडा म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडून काढणे.