टॉर्क जास्त म्हणजे ओढ जास्त? आधी पुढचा आरपीएमचा आकडा वाचा

कुठली गाडी घेऊ असं कोणी विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. एक जण म्हणतो भावा बुलेट घे, टॉर्क आहे तिच्यात, घाटात ओढते. दुसरा म्हणतो केटीएमची ड्यूक घे, पॉवर बघ तिची. आणि तिसरा येऊन सांगतो की टॉर्क म्हणजे पिकअप, पॉवर म्हणजे टॉप स्पीड. हे तिसरं वाक्य सगळ्यात जास्त पसरलंय आणि त्याच्यावर भरवसा ठेवून पोरं दोन-अडीच लाखांची गाडी घेतात आणि मग वर्षभर क्लच दाबत बसतात, म्हणून एकदा नीट लिहितो.

 पीएस आणि बीएचपी ही दोन्ही पॉवरचीच मापं, त्यांच्यात दीड टक्क्याचाही फरक नाही, त्यावरून भांडू नका. सीसीवरून तर अजिबात नको, सीसी म्हणजे सिलेंडर केवढा एवढंच.

टॉर्क म्हणजे इंजिन शाफ्टला किती जोराने पिळतंय ते. आणि पॉवर म्हणजे तोच पीळ मिनिटाला किती वेळा फिरतोय त्याचा हिशोब. टॉर्कच्या न्यूटन मीटरला आरपीएमने, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, 9549 ने भागा, किलोवॅट आले. म्हणजे हे दोन वेगवेगळे गुण नाहीतच, एकाच इंजिनचे एकमेकांत अडकलेले आकडे आहेत. रॉयल एनफिल्ड क्लासिक 350, जिला लोक सरसकट बुलेटच म्हणतात, तिचा टॉर्क 27 न्यूटन मीटर, 4000 आरपीएमला. तिथं पॉवर निघते साधारण 15 पीएस. तिची 20.2 बीएचपी येते 6100 ला, आणि तिथं टॉर्क साडेतेवीसच्या आसपास उतरलेला असतो.

आता खरा घोळ. लोक 27 आणि ड्यूक 200 चे 19 शेजारी ठेवतात आणि म्हणतात बघ, बुलेट जास्त ओढते. हे आकडे इंजिनच्या शाफ्टवरचे आहेत हो, चाकावरचे नाहीत. मधे गिअरबॉक्स आहे, चेन आहे, स्प्रॉकेट म्हणजे चेनचं दातेरी चाक आहे, आणि त्यांचं कामच मुळी फेरे कमी करून पीळ वाढवायचं आहे. समजा दोन्ही गाड्या एकाच स्पीडला चालल्यात, क्लासिकचं इंजिन 4000 वर आणि ड्यूकचं 8000 वर. ड्यूकचा तो 19 चा आकडा 8000 लाच येतो. फेरे दुप्पट आहेत आणि स्पीड तेवढाच, म्हणजे मधल्या गिअरांनी ड्यूकचा पीळ क्लासिकपेक्षा दुप्पट वाढवून चाकाला दिलाय. 19 चे झाले 38 आणि समोर 27. वर क्लासिकचं वजन 195 किलो, ड्यूक साधारण 160 च्या घरात. या घडीला जास्त कोण ओढतंय सांगा.

पटत नसेल तर स्प्लेंडर बघा. टॉर्क किती, 8.05. एवढासाच. तरी गावाकडं डबल सीट, मधे पोतं, चढावर जातेच ना ती, कारण गाडी हलकी आहे आणि गिअर तसे लावलेत. किंवा मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं टाकून बघा, गाडी लगेच जास्त ओढायला लागते आणि टॉप स्पीड थोडा पडतो. इंजिनचा टॉर्क होता तेवढाच आहे. म्हणून टॉर्क म्हणजे पिकअप हे वाक्य कृपा करून सोडा. फुल रेस देऊन कोण पुढं जाणार हे पॉवर आणि वजन ठरवतं, पिकअपसुद्धा.

पण मग ज्यांनी क्लासिक चालवलीय ते म्हणतील की आम्हाला ओढ जाणवते त्याचं काय. जाणवते, आणि खरीच आहे. फक्त ती 27 मुळे नाही, पुढच्या 4000 मुळे आहे. ब्रोशरमध्ये टॉर्कच्या आकड्यापुढं जो आरपीएम लिहिलेला असतो तो कोणी वाचतच नाही, आणि रोजच्या चालवण्यात सगळं त्याच्यावर आहे. माझं तर म्हणणं आहे की दुकानात दुसरा कुठलाच आकडा विचारू नका, हा विचारा.

कारण रोज 8000 वर गाडी कोण नेतं? हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही 3000-4000 च्या मधेच असता. तिथं ड्यूकला तिचे ते 19 सापडलेलेच नसतात, त्याहून कमी असतात, आणि क्लासिकला तिचे 27 जवळपास सगळे हातात असतात. सीझनमध्ये दिवे घाटात उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलाय, दोन ट्रॉल्या, स्पीड वीस, मागं बायको बसलीय आणि समोर एवढीशी जागा मोकळी झाली. क्लासिकवाला आहे त्या गिअरला रेस देतो आणि निघतो. ड्यूकवाल्याला एक-दोन गिअर खाली टाकून इंजिन ओरडवावं लागतं, मग ती सुटते आणि सुटली की क्लासिकपेक्षा जोरात सुटते. ज्याला हे खाली-वर गिअर मारायला आवडतं त्याला यातच मजा आहे. ज्याला आवडत नाही त्याला महिन्याभरात वाटायला लागतं की गाडीत दमच नाही.

याच नजरेनं बाकीच्या बघा. होंडा हायनेस सीबी 350 चे 30 न्यूटन मीटर 3000 लाच, म्हणजे क्लासिकच्याही आधी. पल्सर 150 चे 13.25 ला 6500 पर्यंत जावं लागतं, यामाहा आर 15 ला 14.2 साठी 7500. ट्रायम्फ स्पीड 400 चे 37.5 येतात 6500 ला, पण तिथं इंजिन मोठं असल्यामुळे खालीही बऱ्यापैकी शिल्लक असतं. ब्रोशर फक्त शिखर सांगतं, अलीकडचा चढ सांगत नाही, आणि तो चढ कळायला गाडी चालवावीच लागते.

अजून एक, हे बघून मला खरंच त्रास होतो. टॉर्क आहे म्हणून पाचव्या गिअरला तीसच्या स्पीडनं बुलेट चालवायची. इंजिन ठोके देतंय, चेन झटके खातेय आणि साहेब म्हणतात बघ कशी ओढते. ओढत नाही ती, रडतेय. गिअर टाका खाली. लवकर टॉर्क येतो म्हणजे गिअर कमी बदलावे लागतात, बदलायचेच नाहीत असं नाही.

माझी पसंती विचाराल तर रोज ऑफिस, निम्म्या वेळा डबल सीट, अधूनमधून घाट, अशा माणसानं ज्या गाडीचा टॉर्क 4000 च्या आत येतो तीच घ्यावी, आणि त्यातही मी हायनेस सीबी 350 ला क्लासिकच्या वर ठेवतो, वजनही चौदा-पंधरा किलो कमी आहे. एकटे फिरत असाल, सकाळी लवकर ताम्हिणीला जायची सवय असेल, हात शिवशिवत असतील तर ड्यूक. अॅव्हरेज आणि खर्च हीच पहिली अट असेल तर 125 सीसीची घ्या.

टेस्ट राईडला एकटे जाऊ नका, रोज मागं बसणाऱ्या माणसाला घेऊन जा. रस्ता मोकळा बघून तिसऱ्या गिअरला तीसवर या आणि क्लचला हात न लावता हळूहळू रेस वाढवा. गाडी झटके न देता उचलते का बघा. मग दुसरा टाकून परत तेच. शोरूमवाला म्हणाला की राईड फक्त सपाटीवर आणि एकट्यालाच मिळेल, तर दुसरं शोरूम शोधा.